राजवाडा एक, बटणं तीन

आत्राम राजघराण्याच्या राजवाड्याचा शब्द मोडायचा नाही, असं मानणाऱ्या अहेरीच्या मतदारांची 2024 च्या विधानसभेला भलतीच पंचाईत झाली. धर्मरावबाबा आत्राम घड्याळावर, लेक भाग्यश्री तुतारीवर, पुतणे अंबरीशराव अपक्ष! झाडीपट्टीच्या नाटकांच्या ऐन हंगामात हा घरगुती तीन अंकी प्रयोग, तोही बिनतिकिटाचा. खर्रा घोटता घोटता निष्ठावंत म्हातारा विचारणार, "मुजरा एक, बटनं तीन, दाबू कोनतं जी?" नक्षलग्रस्त भाग म्हणून 20 नोव्हेंबरला मतदान दुपारी 3 पर्यंतच, म्हणजे गोंधळायलाही वेळ कमी. निवडून आले धर्मरावबाबा. तसा राजवाडा हरणार नव्हताच. कस लागला तो प्रजेचा. पुढच्या खेपेला राजघराण्याने आधी घरातच मतदान उरकून घ्यावं, एवढीच विनंती.