नानांचं ॲव्हरेज

महाराष्ट्रात कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकता टाकता विचारला जाणारा पहिला प्रश्न रंगाचा नसतो, किमतीचाही नसतो. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा असतो. उत्तर काहीही द्या, पटणार नाही. अठरा म्हणालात तर ‘एवढंच?’ बावीस म्हणालात तर ‘हायवेला असेल. सिटीत सांगा.’ पंचवीस म्हणालात तर समोरचा काहीच बोलत नाही. तुमच्याबद्दल त्याचं मत झालेलं असतं. असे ॲव्हरेजवाले प्रत्येक सोसायटीत आणि लग्नाच्या प्रत्येक पंगतीत किमान एक या प्रमाणात सापडतात. आमच्या वाट्याला नाना आलेत.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. धरणातून सोडलेलं पाणी आणि शेताच्या बांधावर पोचलेलं पाणी, यांतला फरक मोजण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते पेट्रोल मोजू लागले. गाडी आल्टो, 2009 ची. 796 सीसी, तीन सिलिंडर, पस्तीस लिटरची टाकी. दार लावलं की बिस्किटाच्या डब्याचं झाकण लागल्यासारखा आवाज येतो. कुणी हसलं तर नाना म्हणतात, ‘जड दार वाहून न्यायलाही पेट्रोल लागतं, बाबा.’

हिशोबाची वही आहे, पण तिला वही म्हणायचं नाही. खात्यात मोजमापाच्या पुस्तकाला ‘एम.बी.’ म्हणत, म्हणून हीसुद्धा एम.बी. तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज असे चार रकाने, आणि पाचवा सगळ्यात रुंद रकाना ‘शेरा’. नानांचं सगळं साहित्य या पाचव्या रकान्यात आहे. ‘कात्रजला पाऊण तास जॅम.’ ‘समोरून वारा.’ ‘साडू सोबत, अंदाजे 95 किलो.’ ‘सौ.नी शिरवळपासून एसी लावला. समजावून पाहिले.’ ॲव्हरेज कमी आलं, त्याला गाडी जबाबदार आहे, असा शेरा मात्र कुठेही सापडणार नाही.

पेट्रोल भरायचं ते सकाळी सहाला. थंड पेट्रोल दाट असतं, त्याच पैशांत जास्त मिळतं, असं त्यांचं शास्त्र आहे. पंपाची टाकी जमिनीच्या पोटात असते, तिथे सकाळ-दुपार तापमानात फारसा फरक पडत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. नाना म्हणाले, ‘तरीपण.’ या ‘तरीपण’वर आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही. पंप तोच, नोझल तेच, गाडी उभी करायची फरशीसुद्धा तीच. उतार बदलला तर टाकी कमी-जास्त भरते. पंपावरच्या पोराने ‘झीरो बघा काका’ म्हणायच्या आधीच नानांनी झीरो बघितलेला असतो. नोझल खटकन बंद पडतं आणि पोरगा सवयीने विचारतो, ‘काका, राउंड फिगर करू?’

‘ऑटो कट म्हणजे ऑटो कट!’ नाना ओरडतात. मागे उभे असलेले रिक्षावाले एव्हाना या आरोळीवर घड्याळ लावत असावेत.

रोज सकाळी नाना वेताळ टेकडीवर फिरायला जातात. टेकडीच्या अंगावरच एआरएआय आहे. गाड्यांना ॲव्हरेजचं प्रमाणपत्र देणारी ही संस्था थेट आपल्या कोथरूडकडे निघावी, याचा नानांना अभिमान आहे. तिने दिलेल्या आकड्याचा मात्र राग. तिथे गाडी रस्त्यावर न्यायची नसते. रोलरवर उभी करायची, ठरलेल्या वेळात ठरलेला वेग द्यायचा, ठरलेला थांबा घ्यायचा. नाना कुंपणाशी थांबून म्हणतात, ‘रोलरवर रिक्षा आडवी येते का? रोलरवर साडू बसतो का?’ सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा हवी, नाहीतर तुलना कशी करणार, हे त्यांनाही कळतं. पण त्यांची स्वतःची परीक्षा कर्वे रोडवर संध्याकाळी सातला असते.

त्यातच पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि एम.बी.त खळबळ उडाली. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मानाने कागदावरच सहा-सात टक्क्यांची तूट. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्यांची काळजी वेगळीच. नानांनी सोसायटीच्या कट्ट्यावर आघाडी उघडली. अडचण एवढीच, की नानांची कराडजवळ वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे, तिच्यात ऊस आहे आणि तो ज्या कारखान्याला जातो त्याची डिस्टिलरी जोरात चालते. उसाचं बिल जमा झालं त्या आठवड्यात नाना कट्ट्यावर इथेनॉलच्या बाजूने बोलले. पुढच्या आठवड्यात टाकी फुल केली आणि पुन्हा विरोधात गेले. एम.बी.त तेवढा प्रामाणिक शेरा आहे: ‘स्वतःचाच ऊस.’

एवढं वाचून तुमची समजूत होईल की नाना गाडी चालवतात म्हणजे ओढ्यातून बैल हाकतात. साफ चूक. मी बसलो आहे त्यांच्या शेजारी. लाखोंच्या गाडीत गुळगुळीत सीटवर बसून दर शंभर फुटांवर कचकन ब्रेक मारणारे पुष्कळ पाहिले, पण नानांइतका सफाईचा हात क्वचित. कारण कंजुषी! ब्रेक या वस्तूची नानांची व्याख्या अशी: ‘विकत घेतलेला वेग पुढच्या माणसाला फुकट देणं.’ म्हणून ते शेजारच्या गाडीकडे बघत नाहीत, चार गाड्या पुढे बघतात. एसटी थांब्याकडे झुकतेय हे तिच्या ड्रायव्हरच्या आधी नानांना कळतं. लाल सिग्नल दिसला की लांबूनच पाय उचलतात, गाडी आपल्या आपण मंदावते, आणि जवळ पोचेतो हिरवा झालेला असतो. मग सेकंडला न जाता थर्डवरच गाडी उचलते, आणि नानांच्या मिशीखाली काहीतरी हलतं. त्याला ते हसू म्हणत नाहीत.

हायवेला मात्र ऐंशीच्या वर काटा जाऊ देत नाहीत. ऐंशीवरून शंभरवर गेलं की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त वाढतो, हे ते डाव्या लेनमध्ये, मागच्या हॉर्नकडे दुर्लक्ष करत, शांतपणे समजावून सांगतात. खंबाटकीचा चढ आला की एसी बंद. हा आल्टोच्या काळाचाही नव्हे, मारुती 800 च्या काळाचा संस्कार. चढाला लागताना घरातली सगळी माणसं न सांगता काचा खाली करायची.

त्या मारुती 800 च्या जमान्यात नाना घाट उतरताना न्यूट्रल मारायचे. तेव्हा सगळेच मारायचे, आणि काही महाभाग अजून मारतात. याला मी बचत म्हणत नाही. इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग ते आपल्याला विचारून निकामी होत नाहीत. नानांना शहाणं केलं ते एका मेकॅनिकने, तेही सुरक्षेचं नाव न काढता. तो म्हणाला, ‘काका, इंजेक्शनवाली गाडी आहे. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर बंद. उतारावर चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल जातं.’ नानांनी त्याला दोनदा विचारलं. मग त्याला चहा पाजला. ही घटना कट्ट्यावर अजून सांगितली जाते.

त्या दिवसापासून नानांना उताराचं वेड लागलं. लेक चिपळूणला दिलेली. कराड, पाटण, कोयनानगर करत हेळवाक सोडलं की कुंभार्ली घाट. नाना सेकंड-थर्डमध्ये गाडी सोडतात, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून चक्क मांडी घालायच्या बेतात असतात, आणि जाहीर करतात, ‘आत्ता शून्य! एक थेंब नाही!’ अशा वेळी नानींनी धबधबा बघायला थांबायचं म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो.

परतीचा चढ याहून बघण्यासारखा. पोफळीच्या पुढे वळणं सुरू झाली की हाच माणूस गाडीला सेकंडमध्ये किंचाळायला लावतो. अरुंद टायर, हलकी गाडी. वळणात शिरण्याआधी गिअर पडलेला, वेग मोडलेला नाही, आणि समोरची ऐसपैस गाडी वळणावर अवघडून पडली की आतून सुळकन पुढे. नानी दांडीला धरून म्हणतात, ‘अहो, हळू!’ नाना म्हणतात, ‘वेग मोडला तर परत उचलायला पेट्रोल लागतं.’ त्या चढावर ॲव्हरेजचं काय होत असेल हे सांगायला गणित नको. एम.बी.त शेरा: ‘वाहतुकीमुळे.’

गेल्या दिवाळीत जावयाने इलेक्ट्रिक गाडी घेतली. सगळे भ्याले, आता नाना काय विचारणार! लिटर नाही, पंप नाही, ऑटो कट नाही. नाना हेळवाकपर्यंत मागच्या सीटवर गप्प बसले होते. घाट सुरू झाला आणि पडद्यावरचा बॅटरीचा आकडा वाढू लागला. एक्केचाळीस. बेचाळीस. जावयाने समजावलं, उतारावर मोटर उलटी वीज बनवते, ती बॅटरीत जाते. पोफळी आली तेव्हा त्रेचाळीस टक्के झाले होते. नाना चष्मा पुसत होते. शून्यापर्यंत त्यांची झेप गेली होती. शून्याच्या खाली जाता येतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

‘जावईबापू, गाडी बाजूला घ्या,’ नाना म्हणाले. ‘उतरताना किती मिळालं ते कळलं. चढताना किती जातं ते कळल्याशिवाय मधली गळती कशी काढणार? परत वर जाऊ. मी चालवतो.’

नानींनी पर्स उचलली आणि खाली उतरल्या. ‘मी इथे चहा घेते,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं मोजून झालं की या.’