पैसे थकले, वही का अडवता?

उज्जैनला फ्रीगंजात माझ्या आतेभावाचा आठ खोल्यांचा लॉज आहे. श्रावणी सोमवारी महाकालची सवारी निघते, गावात पाय ठेवायला जागा नसते. नेमक्या त्याच आठवड्यात त्याची वेबसाईट बंद पडली. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ: अकाउंट सस्पेंडेड. बुकिंगचा ईमेलही त्याच खात्यावरचा, तोही गेला. फोनवर म्हणाला, ''दादा, पैसे भरायला मी तयार आहे रे, पण भरू कुणाला?''

होस्टिंगच्या बिलाची आठवण तीनदा गेली होती. पण ती गेली साईट बनवून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर, आणि तो केव्हाच इंदूरला नोकरीला लागला होता. डोमेनही त्याच्याच नावावर. डॉट कॉमसारख्या नावांसाठी नियम आहे: मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी एक सूचना, आठवडाभर आधी दुसरी, आणि संपल्यावर नूतनीकरण झालं नसेल तर ५ दिवसांच्या आत आणखी एक. पण सूचना जाते ती नोंदणीत ज्याचं नाव त्याला. नियम पाळला गेला आणि मालकाला पत्ताच नाही.

होस्टिंगवाला छोटा माणूस आहे. सर्व्हरचं भाडं त्याला वर आगाऊ मोजावं लागतं, उधारीवर त्याचा धंदा चालणार नाही. त्याने साईट थांबवली, यात मला काहीच गैर वाटत नाही. राग आला तो पुढच्या वाक्याचा. थकबाकी आणि वर 'रिस्टोअर चार्ज' भरल्याशिवाय बॅकअप मिळणार नाही, आणि ३० दिवसांनी सगळं पुसलं जाईल! सहा वर्षांचे फोटो, यात्रेकरूंचे पत्ते, जुनी बुकिंगं. ही आतेभावाची जिंदगी आहे, तुमचं तारण नव्हे.

याच उज्जैनला शिप्रेवर रामघाटाला पंडे आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि त्या घराण्याची वही काढतात. माझ्या आजोबांची मोडीतली सही मी तिथेच पाहिली. मधली पन्नास वर्षं आमच्या घरातलं कुणी तिकडे फिरकलं नव्हतं, दक्षिणेचा तर प्रश्नच नाही. तरी पान जागेवर होतं, आणि ते बघायचे पैसे कुणी आधी मागितले नाहीत.

होस्टिंगवाल्याने पन्नास वर्षं सांभाळावं असं मी म्हणत नाही, डिस्कला पैसे पडतात. पण पुसण्याआधी मालकाच्या मोबाईलवर एक फोन करा, त्याचा माल त्याला उतरवून घेऊ द्या, थकलेल्या पैशांसाठी वेगळा तगादा लावा. डोमेन पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्या. आणि दुसऱ्या वर्षाचा दर, १८ टक्के जीएसटी धरून, पहिल्याच बिलावर तितक्याच मोठ्या अक्षरांत छापा. सुरुवातीचा स्वस्त आकडा ठळक आणि नूतनीकरणाचा तळाशी बारीक, ही चाल आता खपता कामा नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादीच काढली. त्यात किंमत थेंबाथेंबाने वाढवणं आहे, आणि वर्गणीच्या सापळ्यात अडकवणंही. कार्डावरून आपोआप पैसे कापायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २४ तास आधी कळवावं लागतं. बँक कळवू शकते, तर दोनशे गिऱ्हाइकं असलेल्या माणसाला एक फोन जड का व्हावा?

आतेभावाने शेवटी इंदूर गाठलं, त्या मुलाला शोधून काढलं, समोर बसून पासवर्ड बदलून घेतले. दंडासकट पैसे भरले. डोमेन आता त्याच्या नावावर आहे. दर महिन्याच्या एक तारखेला तो सगळा डेटा पेनड्राइव्हवर उतरवतो आणि तो पेनड्राइव्ह गल्ल्यात, पावतीपुस्तकाखाली ठेवतो. २०२८च्या सिंहस्थाची विचारपूस त्याच ईमेलवर आत्तापासून यायला लागली आहे.