पिपातला स्लो

निवृत्तीनंतर माणसाने एखादा नाद लावून घ्यावा म्हणतात. मी होडी लावून घेतली. देवबागच्या मेहुण्याची जुनी फायबरची होडी आणि तिच्या मागे अडकवलेलं आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. कर्लीच्या खाडीत हे मशीन धावायचं झकास. पण मूठ सैल करून स्लोवर आणलं की मान टाकायचं. आणि जेटीला लागताना नेमकं स्लोच लागतं. त्यामुळे प्रत्येक सफरीचा शेवट वल्ह्याने व्हायचा, जेटीवरच्या पोरांच्या साक्षीने.

शेवटी मशीन अंगणात आणलं, पाण्याने भरलेल्या पिपात उभं केलं आणि पुस्तक उघडलं. मिक्स्चरचा स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्यावा, मग दीड आटा बाहेर. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला असा रोख आकडा मिळाला की त्याला आणखी काय हवं? मशीन मांजरासारखं गुरगुरू लागलं. ही ओसरीवरून म्हणाली, "चला, घरात एक तरी शांत बसलं."

दुसऱ्या दिवशी खाडीत गिअर टाकला आणि मशीन गप्प. मग मी स्लोचा स्क्रू चांगला आवळून रेस वाढवली. आता गिअर खाडकन पडला, होडीने उडी घेतली. टोपी खाडीत आणि मी तळात.

मेस्त्री आला. कानावर बिडी; पेट्रोलजवळ ती कधीच पेटत नाही, नुसती सोबतीला असते. त्याने आधी मला होडी जेटीला दोन दोरांनी बांधायला लावली. दहा मिनिटं मशीन तापू दिलं, गिअर टाकला आणि मग स्क्रू ड्रायव्हर काढला. मिक्स्चरचा स्क्रू आट्याचा जेमतेम आठवा हिस्सा फिरवला, हात मागे घेतला आणि खाडीकडे बघत बसला.

"झालं?" मी विचारलं.

"वायच थांबा, गुरुजी. त्येका कळूक येळ लागता."

मशीनला कळेपर्यंत तो थांबायचा, मग पुन्हा आठवा हिस्सा. पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ झालं की मशीन शिंकायचं. घट्ट झालं की जेवण अंगावर आलेल्या माणसासारखं डुचमळत निळा धूर सोडायचं. दोन्हींच्या मधली जागा त्याने कानाने शोधली आणि स्क्रू किंचित घट्टाच्या बाजूला ठेवला, म्हणजे मूठ एकदम पिळली तरी मशीन अडखळू नये. मग स्लोचा स्क्रू लावला. गिअरमध्ये मिनिटाला साधारण सात-आठशे फेरे.

"पिपात काय, कोणाचाव मशीन चलता," तो म्हणाला. "ओझा पडल्यार काय करता, ता बघूक व्हया."

या मशीनच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यावर ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला कारागीर आपल्या वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणायला वल्हवत गेला. परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं होतं. पुढे १९०९मध्ये त्याने होडीमागे अडकवायचं मशीन विकायला काढलं. म्हणजे मुळात घाईतूनच निघालेलं हे यंत्र. त्याला पळवायला फक्त मूठ पिळावी लागते. सावकाश चालायला शिकवायचं तर मेस्त्री लागतो.

मीही हल्ली स्वतःला फार शांत समजत होतो. झोपाळा, चहा, वर्तमानपत्र, सगळं दीड आट्यावर नेमकं. मे महिन्यात दोन नातू आले आणि तिसऱ्या दिवशी मी शिंकू लागलो, धूर सोडू लागलो. ही नुसतं एवढंच म्हणाली, "पिपात बरे चालत होता."

तेव्हा स्लो लावायचा तर पिपात लावू नका. होडी पक्की बांधा, गिअर टाका आणि स्क्रू जरासा हलवला की मनात वीसपर्यंत मोजा. बिडी मात्र कानावरच राहू द्या.