मम म्हणा!

आमच्या सोसायटीचे सचिव मोजकं बोलणारे गृहस्थ. 'उद्या पाणी नाही, भरून ठेवा' एवढीच त्यांची नोटीस असायची आणि सगळी बिल्डिंग रात्रीच पिंपं भरून मोकळी व्हायची. मग त्यांच्या मोबाइलमध्ये एआय आलं. आता पाणी जाणार असलं की ग्रुपवर चार परिच्छेद येतात. 'प्रिय रहिवासी बंधू-भगिनींनो, आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे' इथून सुरुवात. मग पाण्याचं मानवी जीवनातलं महत्त्व, मग परस्पर सहकार्याची भावना. तारीख आणि वेळ शेवटून दुसऱ्या ओळीत. परवाच्या नोटिशीत तर सगळ्यात खाली असंही होतं : 'हवं असल्यास मी ही सूचना अधिक सौम्य किंवा अधिक कडक भाषेत लिहून देऊ शकतो.' त्यावर धडाधड अंगठे आले, दोन-चार हात जोडलेलेही. त्यानंतर चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "उद्या पाणी आहे ना?"

सचिवांनी लिहिलं नाही आणि सभासदांनी वाचलं नाही. पण नोटीस निघाली, पोचली, मंजूरही झाली.

एआय आणि रोबो आपली कामं खाणार, अशी भीती घालणाऱ्यांची सध्या चलती आहे. भीती अगदीच खोटी नाही. टीसीएसनं २०२५ मध्ये बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा हिंजवडीतल्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. कंपनीनं हे एआयमुळे नाही असं सांगितलं. टपरीवर ते कुणाला पटलं नाही. उलटही घडतं. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीनं २०२४ मध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आमचा चॅटबॉट सातशे माणसांचं काम करतो, आणि २०२५ मध्ये ग्राहकांशी बोलायला पुन्हा माणसं शोधायला लागली. नोकऱ्यांचा हिशेब अर्थशास्त्रज्ञ मांडतील, त्यांचंही काम अजून शाबूत आहे. आम्हाला दिसतं ते वेगळंच. सगळी कामं यंत्राकडे सोपवल्यावर माणसानं स्वतःकडे एकच काम राखून ठेवलंय. सत्यनारायणाला बसलेला यजमान करतो ते. भटजी संस्कृतात संकल्प सांगत असतात, यजमानाचं लक्ष शिऱ्याच्या वासाकडे असतं. मध्येच भटजी म्हणतात, "मम म्हणा." यजमान पळीभर पाणी सोडतो आणि म्हणतो, "मम."

याबाबतीत आपल्याला कुणी शिकवायला नको. न वाचता सही करण्याची आपली परंपरा एआयपेक्षा कितीतरी जुनी आहे. खालून टिप्पणी येते, 'मान्यतेस्तव सादर'. मधला साहेब खाली सही करतो, कारण त्याच्याआधी कारकुनानं वाचलंय. वरचा साहेब करतो, कारण मधल्यानं वाचलंय. अगदीच अडचणीची फाईल असेल तर 'चर्चा करावी' असा शेरा मारून ती परत पाठवायची. पुढे चौकशी लागली तर 'टंकलेखनातील त्रुटी' ही पळवाट होतीच. आता टंकलेखक राहिले नाहीत, त्यामुळे खापर फोडायला नवं डोकं हवं होतं. ते आलं. शिवाय त्याला निलंबनाची भीती नाही, पेन्शनची काळजी नाही आणि युनियन तर नाहीच.

मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाली काढलेलं प्रकरण बघा. एका कंपनीनं तीन कोटी नऊ लाख रुपये उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरलं. प्राप्तिकर खात्याच्या फेसलेस आकारणीत ते उत्पन्न झालं सत्तावीस कोटी एक्याण्णव लाख. आधाराला तीन न्यायालयीन निवाडे दिले होते. कंपनी ते शोधायला गेली, तर सापडेनात. सापडणार कुठून? ते कधी दिलेच गेले नव्हते. बरं, ज्या पुरवठादाराची बिलं संशयास्पद ठरवली, त्यानं खात्याच्या नोटिशीला कागदपत्रं जोडून उत्तर दिलं होतं. आदेशात लिहिलं होतं की उत्तर आलंच नाही. न्यायालयानं आदेश रद्द केला आणि सुनावलं की एआयच्या या काळात सिस्टीम जे समोर टाकते त्यावर डोळे मिटून विसंबू नका, वापरण्याआधी पडताळून बघा. न्यायदानासारखं काम करणाऱ्या अधिकाऱ्याला हे उच्च न्यायालयानं सांगावं लागतं! फेसलेस पद्धतीचा हेतू चांगला होता. करदात्याला अधिकाऱ्याचा चेहरा दिसू नये, म्हणजे टेबलाखालून काही सरकवता येणार नाही. चेहरा गेला ते ठीक झालं. डोळेही जातील, हे कुणी धरलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, सरकारी कारभार, चालायचंच. मग ऑस्ट्रेलियाला चला, तेही जगातल्या चार बड्या सल्लागार कंपन्यांपैकी एकीच्या कचेरीत. डेलॉइटनं तिथल्या सरकारला एक अहवाल लिहून दिला, मोल साधारण चार लाख चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. विषय होता, बेरोजगारांनी नियम मोडले की त्यांच्यावर आपोआप कारवाई करणारी संगणकीय व्यवस्था नीट चालते का. म्हणजे यंत्र गरिबांवर अन्याय तर करत नाही ना, हे माणसांनी तपासायचं होतं. तो अहवाल लिहिताना एआय वापरलं गेलं. त्यात अस्तित्वात नसलेल्या शोधनिबंधांचे संदर्भ निघाले आणि एका न्यायाधीशांच्या तोंडी, त्यांनी कधी न उच्चारलेलं वाक्यही. तिथल्या सरकारी खात्यानं अहवाल स्वीकारला, प्रसिद्ध केला. सिडनी विद्यापीठातल्या एका संशोधकानं तो उघडला आणि ओळखीच्या प्राध्यापिकेच्या नावावर तिनं कधी न लिहिलेलं पुस्तक त्याला दिसलं. एवढ्या मोलाच्या अहवालाच्या तळटिपा वाचणारा हा गृहस्थ पैसे घेणाऱ्यांतला नव्हता आणि देणाऱ्यांतलाही नव्हता. डेलॉइटनं शेवटचा हप्ता परत केला. सुधारित आवृत्ती काढली आणि मूळ निष्कर्षांत फरक पडत नाही असंही सांगितलं. हे मात्र आम्हाला मनापासून आवडलं. पायाचे दगड खोटे निघाले तरी इमारत जागची हलत नाही, असं बांधकाम पुण्या-मुंबईच्या बिल्डरांनाही अजून जमलेलं नाही.

पण निर्लज्जपणाचं खरं पारितोषिक एअर कॅनडाकडे जातं. आजी वारली म्हणून एक माणूस तातडीनं विमानाचं तिकीट काढत होता. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटनं त्याला सांगितलं की आत्ता पूर्ण भाड्यानं तिकीट घ्या, नव्वद दिवसांत अर्ज करा, शोकप्रसंगाची सवलत मिळेल. त्यानं अर्ज केला. कंपनी म्हणाली, असा आमचा नियमच नाही. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे गेलं. तिथे विमान कंपनीचा बचाव असा, की चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे आणि आपल्या बोलण्याला ती स्वतःच जबाबदार आहे. म्हणजे आमच्या दुकानात, आमच्या गल्ल्यावर आम्हीच बसवलेला आहे, पण तो काय बोलला ते त्याचं त्याला विचारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणानं हे म्हणणं फेटाळलं आणि कंपनीला आठशे बारा कॅनेडियन डॉलर भरायला लावले. रक्कम किरकोळ आहे. बचाव मात्र जपून ठेवण्यासारखा आहे. पुढे तो आणखी एका ठिकाणी भेटणार आहे.

एआय विकणाऱ्यांकडे अशा प्रत्येक गोष्टीला ठरलेलं उत्तर असतं. 'शेवटी माणूस बघतोच ना!' बघतो. पण काय दिसतं त्याला? पोलंडमधल्या चार केंद्रांतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २०२५ मध्ये लॅन्सेटच्या नियतकालिकात आला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना, पुढे कर्करोगाकडे वळू शकतील अशा गाठी शोधायला त्यांना एआय दिलं गेलं. डॉक्टर नवखे नव्हते, प्रत्येकानं दोन हजारांवर तपासण्या केलेल्या. एआय येण्याआधी त्यांना २८.४ टक्के तपासण्यांत अशा गाठी सापडत. एआयची सवय लागल्यावर, यंत्र बंद ठेवून केलेल्या तपासण्यांत हे प्रमाण २२.४ टक्क्यांवर आलं. एका अभ्यासावरून निकाल लावू नये हे खरं, आणि यंत्र चालू असताना रुग्णाचा फायदाच होत असेल. पण यंत्र चुकलं तर माणूस बघेल, या भरवशातला माणूस तो हाच.

आम्ही यंत्रविरोधी नाही. ज्याला बँकेला साधा तक्रार अर्ज लिहायचा म्हटलं तरी घाम फुटायचा, तो आज मोबाइलवर मराठीत बोलून खणखणीत इंग्रजी अर्ज करतो. बँक अजून उत्तर देत नाही, पण त्यात यंत्राचा दोष नाही.

आणि यंत्राला घरी पाठवताही येतं, इच्छा असली तर. जपानमध्ये नागासाकी प्रांतात २०१५ साली हेन ना हॉटेल सुरू झालं. सगळीकडे रोबो, स्वागतकक्षात तर चक्क डायनासोर उभा. खोलीत चुरी नावाची बोलकी बाहुली, काही हवं असलं तर तिला विचारायचं. एका घोरणाऱ्या पाहुण्याचं घोरणं हीच आज्ञा समजून ती त्याला रात्रभर उठवत राहिली की तुमचं म्हणणं नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. रोबोंची निगा राखता राखता माणसांचंच काम वाढलं. २०१९ च्या सुरुवातीपर्यंत हॉटेलनं दोनशे त्रेचाळीसपैकी निम्म्याहून अधिक रोबो कामावरून काढले. साडेतीन वर्षांत निकाल! कारण उघड आहे. झोपमोड होत होती ती पैसे मोजून आलेल्या गिऱ्हाइकाची. ज्याचा सत्तावीस कोटींचा हिशेब चुकतो, त्यालाही वकील करून उच्च न्यायालयात जाता येतं. ज्याचं रेशन मशिनवर अंगठा उमटत नाही म्हणून अडतं, त्याला 'सिस्टीम घेत नाही' एवढंच ऐकून पिशवी घडी करून परत जावं लागतं.

तर आता ते दुसरं ठिकाण, जिथे एअर कॅनडाचा बचाव पुन्हा भेटतो. तुंबलेलं गटार. जिथे मजूर नको, यंत्रच हवं, असं डोळे मिटून म्हणता येईल असं पृथ्वीवर एखादं काम असेल तर ते हे. यंत्र नाही म्हणावं तर तेही नाही. केरळच्या जेनरोबोटिक्स या तरुण इंजिनिअरांच्या कंपनीनं 'बँडिकूट' नावाचा रोबो बनवला. मॅनहोलवर उभं राहायचं, कॅमेरा आणि यांत्रिक हात आत सोडायचा, गाळ वर काढायचा. तिरुवनंतपुरममध्ये तो २०१८ पासून कामाला आहे. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, त्यापेक्षा कडक दुसरा २०१३ चा. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईसह सहा महानगरांत हे काम माणसाकडून करून घेणं थांबवा असा आदेशही दिला. कायदा आहे, आदेश आहे, रोबो आहे. तरी माणसं उतरतातच, आणि विषारी वायूनं गुदमरून मरतात. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा. बातमी आतल्या पानावर एका कॉलमची.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार पोलिसांना काय सांगतो, ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही पाठ असेल. "आम्ही उतरायला सांगितलं नव्हतं, तो आपणहून उतरला." एअर कॅनडानं न्यायाधिकरणापुढे जो बचाव मांडला, तो आपल्याकडे मुकादमाला तोंडपाठ आहे. महापालिका म्हणते काम ठेक्यावर दिलं होतं, ठेकेदार म्हणतो पोटठेका दिला होता. केंद्र सरकारनं तर २०२१ मध्ये राज्यसभेत लेखी उत्तर दिलं की हातानं मैला उचलण्याच्या कामात एकाही मृत्यूची नोंद नाही. गटारात जे मेले, ते सरकारी हिशेबात 'धोकादायक सफाई'त मेले, म्हणजे रकाना वेगळा. एवढी सुबक मांडणी करायला तेव्हा चॅटबॉटही लागला नव्हता.

म्हणूनच यंत्र श्रम वाचवण्यासाठी आणलं जातं, यावर आमचा फारसा विश्वास नाही. श्रमच वाचवायचे असते तर पहिला रोबो मॅनहोलवर उभा राहिला असता आणि नोटिसा, निवाडे, अहवाल माणसांनी खुर्चीत बसून, चहा पीत लिहिले असते. तसं झालं नाही. सहीखाली ज्यांचं नाव येतं त्यांनी आधी स्वतःसाठी यंत्र घेतलं, म्हणजे उद्या विचारणा झाली तर बोट दाखवायला कुणीतरी असावं. गटाराशी बोट दाखवायला मजूर होताच, आणि मेल्यावर तो उलट बोलत नाही. मग तिथे खर्च कशाला?

तुमच्याही महापालिकेनं एव्हाना व्हॉट्सॲपवर चॅटबॉट सुरू केला असेल. 'नमस्कार, मी आपली काय मदत करू?' असं तो मोठ्या अदबीनं विचारतो. मालमत्ता कर, जन्मदाखला, पाणीपट्टी, सगळं सांगतो. त्याला एकदा विचारून बघा : आपल्या शहरात गटार साफ करणारी यंत्रं किती, यंदा त्यांतली किती चालू आहेत, आणि माणूस आत उतरवणाऱ्या किती ठेकेदारांवर गुन्हा दाखल झाला. उत्तर आलं तर आम्हाला जरूर कळवा. आणि 'क्षमस्व, आपला प्रश्न समजला नाही' असं आलं, तर तोच प्रश्न कागदावर लिहून वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्या. पोचेवर नाव वाचता येईल अशी सही मागा.