चालते व्हा!

वर्षातून दोनदा आपल्या शहराला कॅन्सरची आठवण होते. एकदा ऑक्टोबरात, गुलाबी रंगात. दुसऱ्यांदा ४ फेब्रुवारीच्या आगेमागे, मिळेल त्या रंगात. मध्ये ७ नोव्हेंबरला राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिनही येतो, पण तो बिचारा बहुधा दिवाळीच्या फराळात सापडतो.

मधल्या महिन्यांत कॅन्सर असतोच. टी-शर्ट नसतात.

तर रविवार, पहाटेची वेळ, छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक, कॅन्सर वॉक. नोंदणी फी भरलेली, टी-शर्ट अंगात. पाठीवर बिल्डर, सराफ, कोचिंग क्लास, मंगल कार्यालय आणि एक मोठं रुग्णालय. 'कॅन्सर' हा शब्द शोधावा लागतो. सापडतो, खाली डावीकडे, पँटमध्ये खोचलेला.

वेळ सहाची दिलेली असते. म्हणजे झेंडी सातला. प्रमुख पाहुणे आल्याखेरीज कॅन्सरविरुद्ध एक पाऊलही टाकता येत नाही. तोवर झुंबा. पाहुणे येतात, झेंडी हलवतात, कॅमेऱ्यासाठी वीस पावलं चालतात आणि गाडीत बसतात. सोमवारच्या पेपरात चालताना दिसतात तेच.

आम्हीही चालतो. खोटं कशाला सांगा? जालना रोडवरून जीव मुठीत न धरता चालायला मिळतं, एवढं कारण पुरेसं आहे.

घोषणा ठरलेल्या. कॅन्सर हरणार, आपण जिंकणार! ज्याच्या घरचं माणूस याच आजारात गेलं, तोही त्याच गर्दीत चालत असतो. मग त्याचं माणूस काय, हरलं?

असले प्रश्न विचारायचे नसतात. ढोल चालू असतो.

वाटेत टपऱ्या लागतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तिचं वर्षाच्या वर्षाला नूतनीकरण होतं. पुड्यांचंही होतं. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, हा कायदा २००३ चा. टपरीवाल्याला यार्ड ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडे टेप नाही.

फेरी समोरून जाते तेव्हा टपरीवाला टाळ्या वाजवतो. का वाजवू नयेत? इतक्या फेऱ्या गेल्या, एकीनेही त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. नाही म्हणायला दोघे-तिघे हळूच बाजूला होतात. परत येतात तेव्हा एक गाल भरलेला असतो. पुढची घोषणा दुसऱ्या गालाने.

आणि ते पडद्यावरचे हिरो? ते फक्त वेलची विकतात. एवढी वेलची नक्की कोण खातं हो?

आता जरा आकड्यांकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कॅन्सरचे १४ लाखांवर नवे रुग्ण होते. सर्वाधिक स्तनाचे, पाठोपाठ तोंडाचे, मग गर्भाशयाच्या मुखाचे. तिन्ही जागा अशा, की शिकलेल्या नर्सला बॅटरी, हात आणि साध्या चाचणीच्या बळावर संशय घेता यावा. पोटात खोल दडलेला चोर नव्हे हा, ओट्यावर बसलेला आहे.

म्हणून आपण काय करतो? त्याच्यासमोरून ढोल वाजवत जातो.

पाच किलोमीटरच्या वाटेवर केळी असतात, सरबत असतं, सेल्फी पॉइंट असतो. नळाला पाणी कितव्या दिवशी येणार यावर जिथे पैजा लागतात, त्या शहरात अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्यांचा सडा असतो. तपासणीचं टेबल? असतं ना, कधीमधी. तिथे रक्तदाब मोजतात.

हे कॅन्सरसाठी धावण्याचं वेड जगाला लावलं कॅनडाच्या टेरी फॉक्सने. हाडाच्या कॅन्सरने अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गेला. १९८० च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पाय लावून तो देश ओलांडायला निघाला, रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. मग कॅन्सर फुफ्फुसात पोचला आणि त्याला थांबावं लागलं. पुढच्या जूनमध्ये तो गेला, बाविसाव्या वर्षी. जाहिरातीसाठी आलेल्या कंपन्यांना त्याने नकार दिला होता. त्याच्या नावाने होणाऱ्या धावेत आजही प्रवेश फी नाही, बक्षीस नाही आणि टी-शर्टावर कंपन्यांची चिन्हं नाहीत. अशी धाव मुंबईतही झाली, पैसा टाटा मेमोरियलमधल्या संशोधनाला गेला.

आपण त्याच्याकडून चालणं घेतलं. बाकीचं साभार परत.

'म्हणजे जनजागृती नको?' असा प्रश्न येणार, ठाऊक आहे. हवी. पण ती कशी करतात हे बघायला कॅनडाला जायला नको. शेजारच्या बार्शीत जा. नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने तिथे १९८७ मध्ये ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, बाया-माणसांशी बोलायचे, लक्षणं सांगायचे, संशय आला तर दवाखान्यात पाठवायचे. काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडायला लागला. झेंडी नाही, बोलणं आणि पाठपुरावा.

मग त्याच मंडळींनी टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संस्थेसोबत आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभर गाजले: आयुष्यात एकदा एचपीव्ही विषाणूची चाचणी केली, तरी त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. एकदा! जगाला हे शिकवलं ते आपल्या धाराशिवच्या खेड्यांतल्या बायकांनी.

आपल्या वॉकमधल्या किती जणींना हे माहीत आहे? आणि मंचावरच्या किती जणांना?

शिवाय ज्यांच्यापर्यंत जागृती पोचायला हवी त्या फेरीत असतात कुठे? घरी मिसरी लावून दात घासणारी बाई रविवारी सकाळी चार घरची भांडी घासत असते. फेरीला आलेल्या वहिनी नाश्ता करून परततात, तेव्हा तीच दार उघडते. टी-शर्ट पुढच्या वर्षी तिलाच मिळतो, फरशी पुसायला.

आता आमखास मैदानाकडे वळू. फेरी तिकडे सहसा वळत नाही. तिथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, २०१२ पासून. पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जाही मिळाला. अख्खा मराठवाडा तिथे येतो, वर बुलढाणा, जळगाव, अहिल्यानगर. उपचाराच्या खर्चाला महात्मा फुले योजना आहे. ती खोलीचं भाडं देत नाही.

कारण रेडिएशन म्हणजे एका दिवसाचं काम नव्हे. आठवड्यातले पाच दिवस, असे बहुधा पाच ते सात आठवडे. रोज मशीनखाली मोजकी मिनिटं, उरलेला दिवस झाडाखाली. जालन्याचा माणूस एक वेळ जाऊन-येऊन करील. अडीचशे किलोमीटरवरच्या नांदेडच्या माणसाने काय करावं? सोबत एक जण लागतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. दोघांना जेवायला लागतं, अंग टाकायला जागा लागते. तोंडाच्या कॅन्सरवाल्याला तर पोळी गिळवत नाही, पातळ काहीतरी करून द्यायला चूल लागते. मध्येच पैसे संपतात आणि माणूस गावी निघून जातो. रजिस्टरमध्ये फक्त गैरहजेरी लागते.

आपला पाच किलोमीटरचा वॉक यांच्यासाठीच होता ना?

मग पैशाचं विचारू? विचारतोच. नोंदणी फी गोळा झाली, प्रायोजकांनी दिले ते वेगळे. त्यातून मंडप, ध्वनिक्षेपक, ड्रोन, टी-शर्ट, पदकं, नाश्ता वजा जाता रुग्णाच्या ताटात किती पडले? बहुतेक आयोजक सांगतात, 'हेतू चांगला होता.' हेतूची पावती देत नाहीत.

गणपतीच्या वर्गणीचा हिशेब चौकातल्या फळ्यावर लागतो. कॅन्सरचा का लागू नये?

आणि पाठीवरचं ते रुग्णालय. ते धर्मादाय म्हणून नोंदलेलं असेल, तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणं त्याला बंधनकारक आहे. ही त्याची मेहरबानी नव्हे, नियम आहे. पुढच्या वेळी त्याचं नाव पाठीवर मिरवण्याआधी या खाटा कुठल्या मजल्यावर आहेत, तेवढं विचारून घ्या. लिफ्ट तिथपर्यंत जाते का, तेही.

चालणाऱ्यांवर आमचा राग नाही. पहाटे उठून कुणी चाललं तर त्यात वाईट काय? चालणं तब्येतीला चांगलंच. फक्त स्वतःच्या तब्येतीला चांगलं म्हणजे दानधर्म, असा हिशेब मांडू नये.

आयोजकांना एकच विनंती. टी-शर्ट रद्द करा आणि त्या पैशांत आमखासजवळ दोन खोल्या वर्षभरासाठी भाड्याने घ्या, एक चूल असलेली. फेरी क्रांती चौकातून निघू द्या, पण संपवा कर्करोग रुग्णालयाच्या दारात. तिथे प्रत्येकाने आधी 'आ' करावा, मग केळं खावं. बायकांनी पुढच्या तपासण्यांची तारीख घेऊनच घरी जावं, आणि येताना घरी काम करणाऱ्या बाईलाही आणावं, पगारी सुट्टी देऊन.

आणि हो, फेरी रविवारी ठेवू नका. रविवारी ओपीडी बंद असते.