तुलना करा (गुण १०)

बी.ए.ला इंग्रजी घेतलं की एक प्रश्न हमखास यायचा : जुन्या आणि आधुनिक कवितेची तुलना करा, गुण दहा. आम्ही पानावर उभी रेघ मारून मोकळे व्हायचो. डावीकडे यमक, निसर्ग, श्रद्धा. उजवीकडे मुक्तछंद, शहर, वैफल्य. कविता वाचायच्या आधीच उत्तर तयार!

डावीकडे वर्डस्वर्थची डॅफोडिल्स. हे फूल वर्गात कोणीच पाहिलेलं नव्हतं, सरांनीसुद्धा. ‘‘पिवळी शेवंती समजा,’’ एवढं सांगून ते पुढे सरकले आणि आम्हाला कविता कळली. उजवीकडे विल्यम कार्लोस विल्यम्सची १९२३ सालची कविता, मोजून सोळा शब्दांची. पावसात भिजलेली लाल एकचाकी ढकलगाडी आणि शेजारी पांढऱ्या कोंबड्या. कॉलेजच्या बांधकामावर तसली गाडी रोज पायात यायची. कोंबड्या तर गावाकडे थेट स्वयंपाकघरात शिरायच्या. एका शब्दासाठी डिक्शनरी उघडावी लागली नाही. तरी कविता कोणालाही कळली नाही. न पाहिलेलं फूल उमजलं, रोजची गाडी मात्र रुतली.

पुढे परीक्षेची भीती गेल्यावर जरा वाचलं, तर रेघच पुसट व्हायला लागली. कवितेत एकटाच हिंडणारा वर्डस्वर्थ १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याकाठी एकटा नव्हताच. बहीण डोरोथी सोबत होती. तिनं ती फुलं डायरीत साध्या गद्यात टिपून ठेवली. भावाची कविता आली त्यानंतर. त्यातल्या दोन ओळी पुन्हा बायकोनं, मेरीनं सुचवलेल्या. म्हणजे एकटेपणाची ही कविता चक्क घरगुती उद्योग निघाली! आणि ज्या आधुनिक कवीला आम्ही उत्तरपत्रिकेत एकाकी ठरवलं होतं, तो न्यू जर्सीतल्या रदरफर्डचा डॉक्टर, पेशंटांच्या गराड्यात आयुष्य काढलेला. आणि डोरोथीची डायरी? यमक नाही, उपदेश नाही, दिसलं ते लिहिलं. तिला कुठल्या रकान्यात बसवायचं?

खरी गंमत पुढेच आहे. कवितेची भाषा माणसांच्या खऱ्या बोलण्यातली असावी, असं वर्डस्वर्थनं १८०० साली ‘लिरिकल बॅलड्स’च्या प्रस्तावनेत मांडलं होतं. १८०७ मध्ये डॅफोडिल्सचा संग्रह निघाला, तेव्हा ‘एडिंबरो रिव्ह्यू’त फ्रान्सिस जेफ्रीनं तो झोडपून काढला. तक्रार काय, तर विषय क्षुल्लक आणि लिहिणं पोरकट. कोंबड्यांबद्दल आम्ही मागच्या बाकावर हेच तर म्हणत होतो!

तेव्हा माझी व्याख्या सोपी झाली आहे : जिला नावं ठेवणारे वारले, ती जुनी कविता, जिला नावं ठेवणारे अजून हयात आहेत, ती आधुनिक.

हे सुचेपर्यंत पेपर होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या उत्तराला दहापैकी सात मिळाले होते. रेघ पट्टीनं मारली होती ना.