जोडणीबहाद्दर

भोसरी एमआयडीसीतल्या बऱ्यापैकी चालणाऱ्या कारखान्यांत हल्ली हा गृहस्थ हमखास भेटतो. कार्डावर हुद्दा ‘ऑपरेशन्स मॅनेजर’, पण तो करतो एकच काम: जोडणे. गूगल फॉर्म शीटला, शीट सीआरएमला, सीआरएम टॅलीला आणि टॅली व्हॉट्सअ‍ॅपला. दोन सॉफ्टवेअरं एकमेकांशी न बोलता शेजारी नांदताहेत हे त्याला बघवत नाही. वधूवर सूचक मंडळाच्या आत्याबाईंना तिशीतला अविवाहित मुलगा दिसावा, तसे त्याचे डोळे लकाकतात.

“हे तुम्ही अजून हाताने करता?” हा प्रश्न तो असा काही विचारतो, की डिस्पॅचचे काका गुपचूप पेन खिशात घालतात.

तो मूळचा झेपियर या जोडणी-सॉफ्टवेअरच्या पंथाचा. तिथे प्रत्येक कृतीमागे टास्क मोजला जातो. महिन्याचं बिल पाहून मालक नुसतं “अहो!” म्हणाले आणि यानं त्याच आठवड्यात बर्लिनच्या एन-एट-एनची दीक्षा घेऊन ते आपल्याच सर्व्हरवर चढवलं. वाटेत मेकही (2022 पर्यंतचं इंटेग्रोमॅट) वापरून झालं. दर धर्मांतरात सगळ्या जोडण्या पहिल्यापासून कराव्या लागतात, आणि त्याच्या आनंदाचं मूळ तेच.

त्याचा आवडता शब्द ‘स्केल’. कारखान्याला दिवसाला चाळीस ऑर्डरी येतात. हा चाळीस हजारांची तयारी करतो. मात्र महिनाअखेरीला साडेतीनशे नोंदी एकदम आल्या की डोलारा बसतो. गूगल शीट्स एका वापरकर्त्याच्या मिनिटाला 60 च वाचन-विनंत्या ऐकून घेतं. पुढच्यांना 429 नंबरची चूक दाखवून परत पाठवतं. चाळीस हजारांच्या चित्रात ही रांग काढायची राहून गेलेली असते.

एकदा अकाउंट्सच्या काकू आल्या. “साहेब, सांगलीच्या पार्टीला एकाच ऑर्डरची तीन बिलं गेलीत.”

“म्हणजे ट्रिगर चालतोय!”

झालं होतं ते असं. ऑर्डरी आपोआप पुढे धाडणाऱ्या वेबहुकनं ऑर्डर पाठवली, पोच वेळेत मिळाली नाही, म्हणून त्यानं पुन्हा पाठवली आणि मग पुन्हा. प्रत्येक खेपेला बिलाला नवा नंबर पडला, त्यामुळे ई-इनव्हॉइसच्या सरकारी पोर्टलनंही तिन्ही बिलं बिनतक्रार स्वीकारली. तिथलं बिल 24 तासांतच रद्द करता येतं. काकूंनी जादाची दोन बिलं रद्द केली तेव्हा साहेब फळ्यावर बाण काढत होते.

“ऑर्डर नंबर आधीच नोंदलेला असला तर नवं बिल करू नको, एवढं सांगा की त्याला,” काकू म्हणाल्या. “आणि जे अडेल ते वेगळ्या शीटमध्ये टाकायला सांगा. मी सकाळी चहाआधी बघत जाईन.”

साहेब गंभीर झाले. सोमवारच्या मीटिंगमध्ये हीच दोन वाक्यं ‘आयडेम्पोटन्सी’ आणि ‘एरर क्यू’ या नावांनी, बारा स्लाइड्समध्ये, त्यांच्या आर्किटेक्चरचा भाग म्हणून सादर झाली. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

अशा माणसाला चांगल्या ऑफर येतातच. तो सत्काराची शाल घेऊन जातो, आयटीवाले शिरस्त्याप्रमाणे त्याचा ईमेल बंद करतात आणि तासाभरात ऑर्डरी, बिलं, निरोप सगळं ठप्प होतं. कारण टॅलीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंतच्या यच्चयावत परवानग्या त्यानं स्वतःच्याच खात्यावरून दिलेल्या असतात. डिस्पॅचचे काका खिशातलं पेन काढतात आणि संध्याकाळचा माल वेळेवर निघतो.

तेव्हा मालकहो, जोडण्या जरूर करून घ्या, त्यात वेळ खरोखर वाचतो. फक्त त्या कंपनीच्या खात्यावर असू द्या, कुठून काय कुठे जातं ते एका कागदावर लिहून घ्या, आणि पुढची पगारवाढ काकूंना द्या.